‘स्पष्ट व शुद्ध वाचन करते’ : कोरोनाच्या वर्षात माझ्या नोंदवहीत काय बदलले



मागच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या ऑनलाइन शिक्षण परिषदेत प्रत्येकाला एक पान लिहून द्यायला सांगितले होते. विषय होता ‘कोविड काळातील माझी व्यावसायिक प्रगती’. मीही लिहिले. पाहिलेले वेबिनार, तयार केलेले व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवलेले दिवस आणि मिळालेली प्रमाणपत्रे. प्रमाणपत्रे चौतीस निघाली. त्यातल्या काही प्रश्नमंजुषा तर गॅसवरचा चहा उकळेपर्यंत सोडवून झाल्या होत्या, ते सोडा. पान भरले, पाठवून दिले. त्यात खोटे काहीच नव्हते. पण त्या वर्षात मी खरोखर जे शिकले ते त्या पानावर आले नाही, कारण ते लिहायचे तर आधी एक कबुली द्यावी लागते. ती इथे देते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. पहिली-दुसरी आमच्या सरांकडे. गाव ऊसतोड कामगारांचे. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्यांवर जाते आणि उन्हाळ्यात परत येते. कबुली अशी, की मुलांच्या वर्णनात्मक नोंदी मी कित्येक वर्षे उतरवून काढत होते.

नोंद म्हणजे काय?

शिक्षकांना हे सांगायला नको, पण पालकांसाठी थोडे सांगते. शिक्षणहक्क कायदा आल्यावर आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्याचे दोन भाग. सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन आणि सत्रभर चालते ते आकारिक. मूल जितके लहान तितका आकारिकचा वाटा मोठा. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे, तिसरी-चौथीला ६०. आकारिकसाठी आठ तंत्रे दिलेली आहेत आणि त्यातले पहिलेच तंत्र आहे दैनंदिन निरीक्षण. शिक्षकाने मुलाला रोज बघायचे, जे दिसले ते दोन ओळींत लिहायचे. या नोंदींवरून मग प्रगतिपत्रकातले ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने भरायचे.

कल्पना फार चांगली. पण एका शिक्षकाकडे दोन वर्ग, आठ-नऊ विषय, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि रोज कुठली ना कुठली तातडीची माहिती. म्हणून मग तयार नोंदींचे संच आले. आधी छापील पुस्तिका, नंतर पीडीएफ. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘स्वतःचे अनुभव सांगतो.’ ‘स्पष्ट व शुद्ध वाचन करतो.’ मुलगी असेल तर ‘करतो’चे ‘करते’ करायचे. एवढीच आमची मेहनत! सत्र संपताना दोन संध्याकाळी बसले की एकोणीस मुलांची वही भरून निघायची. तपासणीत कधी कुणी काही विचारले नाही. उलट माझे अक्षर चांगले म्हणून कौतुकच व्हायचे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल मी सांगणार आहे. पहिली-दुसरीच्या तिच्या नोंदी सरांनी लिहिलेल्या, तिसरीच्या मी. पण तिन्ही वर्षी वाचनाच्या रकान्यात एकच वाक्य आहे, ‘स्पष्ट व शुद्ध वाचन करते.’ आम्ही दोघांनी बहुधा एकच पीडीएफ वापरली असणार. तिसरीच्या दुसऱ्या सत्राची नोंद तर मी लॉकडाऊनमध्ये घरी बसून लिहिली. परीक्षा झाली नव्हती, शाळा मार्चमध्येच बंद झाली होती, मुलगी दीड महिना डोळ्यांसमोर नव्हती. तरी वाचन स्पष्ट आणि शुद्धच.

फोन आला आणि फोन गेला

त्या उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. आपण सगळ्यांनीच भोगला आहे. चेकपोस्टवर ड्युटी, रेशन दुकानावर ड्युटी, घरी आले की अंगणातच आंघोळ, लेकराला जवळ न घेणे. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना परतायची परवानगी मिळाली. आमच्या गावची कुटुंबे आली ती थेट शाळेत, विलगीकरणासाठी. माझ्या चौथीच्या वर्गात बाया-माणसे चौदा दिवस राहिली. त्यांची आजीपाशी ठेवलेली मुले कुंपणाबाहेर उभी राहून आईशी बोलायची. ही मुलगीही त्यात होती. आई माझ्या वर्गाच्या खिडकीत आणि लेक बाहेर, असे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

१५ जूनला शैक्षणिक वर्ष सुरू झाले, शाळा मात्र बंदच. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास मोबाईलवर येत होता, तो मी पुढे पाठवत होते. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायला लागले. ज्यांच्या घरी टीव्ही होता आणि त्या वेळी वीज होती, त्यांना ते आवडलेही. मीही व्हिडिओ करायला शिकले. पहिला चार मिनिटांचा व्हिडिओ सतरा वेळा काढला. कधी शेजारचा कोंबडा, कधी कुकरची शिट्टी, कधी माझीच जीभ अडखळलेली.

मग एके दिवशी वही घेऊन मोजले. एकोणीस मुले. स्मार्टफोन असलेली घरे अकरा. दिवसा फोन घरात राहणारी घरे चार. त्या वर्षीच्या ‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आले. २०१८ मध्ये हेच प्रमाण साडेछत्तीस टक्के होते. वाढ मोठी आहे, खरी आहे. पण घरात फोन असणे आणि तो लेकराच्या हातात असणे यात फार अंतर आहे. आमच्याकडे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सात कुटुंबे कारखान्यावर गेली आणि त्यांच्याबरोबर पाच फोनही गेले. व्हॉट्सॲप गटात रोज निळ्या खुणा दिसायच्या. सुरुवातीला मला बरे वाटायचे. नंतर कळले, की अभ्यास उसाच्या फडात उघडला जातोय आणि मूल इथे आजीपाशी आहे.

समूहवाचनात लपलेले मूल

आता मूळ गोष्ट. जुलै २०२० मध्ये मी मुलांना सांगितले, की पुस्तकातला पाठ वाचा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. या मुलीचा आवाज आला. खणखणीत, न थांबता, अगदी छान. मी गटात टाळ्यांची चित्रे टाकली. पुढच्या आठवड्यात पुढचा पाठ सांगितला. तीन दिवस काहीच आले नाही. चौथ्या दिवशी आवाज आला, पण प्रत्येक वाक्याच्या आधी मागे कुणीतरी हळू बोलत होते. कान देऊन ऐकले. मोठा भाऊ एकेक वाक्य सांगत होता, ती मागून म्हणत होती. पहिला पाठ तिचा पाठ होता, एवढेच.

खरे सांगते, तेव्हाही मी फार मनावर घेतले नाही. नवीन पाठ आहे, येईल हळूहळू, असे म्हटले.

सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. ऑक्सिमीटर, तापमापक आणि माहितीपत्रके घेऊन आशाताईंबरोबर मी घरोघर फिरले. सात वर्षे त्या गावात नोकरी करून काही घरांच्या आत मी पहिल्यांदाच गेले, हेही सांगितले पाहिजे. तिच्या घरी ती दारातच होती. हातातले पत्रक तिला दिले आणि सहज म्हटले, “वाच बरं.” ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हे तिने झटक्यात वाचले. रिक्षावरच्या भोंग्यावर दिवसभर तेच चालू होते ना! खालची बारीक ओळ आली आणि ती थांबली. बोट अक्षरावर ठेवून तशीच थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, हे आपल्याला शिकवलं नाही.”

मी घरी आले, तिसरीची नोंदवही काढली आणि ते वाक्य बघत बसले.

हे वर्गात कसे दिसले नाही? खूप विचार केला. आमच्याकडे पाठ बहुतेक वेळा सगळे मिळून वाचतात. समूहवाचनात ही मुलगी अर्धा क्षण मागे असायची. बाकीच्यांच्या तोंडून शब्दाचा पहिला आवाज आला की उरलेला शब्द ती जोरात पूर्ण करायची. एकेकट्याचे वाचन घ्यायची पाळी आली, की तो पाठ तोवर चार-पाच जणांनी वाचलेला असायचा आणि तिचे कान तयार. ती लबाडी करत नव्हती. मोठ्या घोळक्यात टिकून राहायचा तिचा तो मार्ग होता. अशी मुले हुशार असतात आणि म्हणूनच सापडत नाहीत. बंद शाळेने घोळका मोडला, तेव्हा ती मला एकटी ऐकू आली.

पहिली खरी नोंद

दुसऱ्या दिवशी मी साधी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक मुलाला दहा पाने. पुढच्या तीन आठवड्यांत सर्वेक्षणाच्या निमित्ताने घराघरात जाऊन एकेका मुलाचे वाचन ऐकले. ‘असर’मध्ये अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे साधे टप्पे वापरतात, तेच घेतले. मजकूर पुस्तकातला नाही, मी हाताने लिहिलेला, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्न नाही. या मुलीच्या पानावर मी लिहिले :

“अक्षरे ओळखते. काना आणि वेलांटी असलेले शब्द वाचते. उकार व मात्रा असलेल्या शब्दात पहिले अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने म्हणते. अंदाज बहुतेक वेळा गोष्टीला धरून असतो. जोडाक्षर आले की थांबते. चुकले की हसत नाही, गप्प होते.”

ही नोंद आणि ‘स्पष्ट व शुद्ध वाचन करते’ ही नोंद शेजारी ठेवून बघा. दुसरीत कौतुक आहे, पण उद्या सकाळी मी काय करायचे ते तिच्यातून कळत नाही. पहिलीतून कळते. उकार-मात्रांवर काम करायचे, जोडाक्षरे नंतर. आणि ‘अंदाज गोष्टीला धरून असतो’ हे वाक्य तर मला फार महत्त्वाचे वाटले. याचा अर्थ मुलीला भाषा कळते, गोष्टीत पुढे काय येणार हे कळते. कमी आहे ती फक्त शेवटपर्यंत शब्दाकडे बघायची सवय. आम्ही अशा मुलांना सरसकट ‘वाचनात मागे’ म्हणून बाराखडीपासून सुरू करतो. तिला बाराखडीची गरजच नव्हती.

एकोणीसपैकी पाच मुले अशी निघाली, ज्यांच्या जुन्या नोंदी आणि खरे वाचन यांचा काही संबंध नव्हता. उलटही एक होते. ज्याला मी ‘लक्ष देत नाही’ असे लिहिले होते, तो मुलगा खताच्या पोत्यावरचा सगळा मजकूर घडाघडा वाचत होता.

ओटा

दिवाळीनंतर पालकांच्या संमतीने आम्ही गावात तीन ठिकाणी ओट्यावर बसायला लागलो. पाच-सहा मुले, तोंडाला मास्क, अंतर ठेवून, आठवड्यातून तीन दिवस. यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. डी.एड.ला हे सगळे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. आता मारुतीच्या ओट्यावर सतरंजी टाकताना त्याचा अर्थ कळला म्हणायचा.

तिथे मी दोन गोष्टी करून पाहिल्या.

एक म्हणजे मुलांच्याच बोलण्यातून वाचनाचा मजकूर. ही मुलगी शेळीबद्दल खूप बोलायची. ती बोलेल तसे मी मोठ्या अक्षरात लिहायचे, पाच-सहा ओळी. “आमच्या शेळीला दोन पिलं झाली. एक तांबडं, एक काळं. काळं लई उड्या मारतंय.” हे तिचेच शब्द, म्हणून पुढे काय आहे ते तिला माहीत, आणि म्हणूनच अक्षराकडे बघायला तिला उसंत मिळते. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना असेच त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचायला शिकवले. १९६३ सालच्या ‘टीचर’ या पुस्तकात तिने ते लिहून ठेवले आहे. मी लिहिताना ‘पिलं’, ‘लई’ तसेच ठेवले. प्रमाण भाषा पुढे येतेच, आधी वाचन येऊ दे.

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. नोंदी नीट लिहिता याव्यात म्हणून मी मुलांचे वाचन फोनवर रेकॉर्ड करून रात्री ऐकायचे. ऐकताना मुलांपेक्षा माझाच आवाज जास्त! मूल अडखळले, की मी शब्द पुरवायचे. एक श्वासही जायचा नाही. ‘वि...’ म्हटले की मी ‘विहीर’. म्हणजे घोळक्याने जे वर्गात केले, तेच ओट्यावर मी एकटी करत होते. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणे मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब होतात, एरवी गप्प असलेली मुलेही बोलतात, असे त्यांना आढळले. हे मी एका वेबिनारमध्ये ऐकले होते. त्याचे प्रमाणपत्रही आहे माझ्याकडे. पण ते खरे वाटले आपल्याच आवाजाचे रेकॉर्डिंग ऐकल्यावर.

तेव्हापासून मूल थांबले की मी मनात एक-दोन-तीन म्हणते. सुरुवातीला फार जड गेले. हात शिवशिवतो, ओठ हलतात. एकदा मुलगीच म्हणाली, “मॅडम, तुमी मनात वाचू नका ना, मला दिसतंय.” मास्क होता तरी तिला कळत होते!

शिक्षक मित्रांनो, एकदा तरी आपला तास रेकॉर्ड करून ऐका. कुणाला दाखवू नका, फक्त ऐका.

“म्हंजी काय?”

पालकांनी वाचावा असा भाग आता येतो.

नोव्हेंबरमध्ये या मुलीचे आई-वडील कारखान्यावर निघाले. मुलगी आजीपाशी राहिली. घरात एक बटणांचा फोन. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या आईला म्हटले, “तुमचा फोन तर रोज येतोच. त्यात पाच मिनिटं तिच्याकडून काहीतरी वाचून घ्या.”

आई म्हणाली, “मला कुठं वाचाया येतंय मॅडम? ती चुकली तरी मला काय कळंल?”

मी म्हटले, “चूक कळायची गरज नाही. तुम्ही नुसतं ऐका. समजलं नाही तर विचारा, म्हंजी काय.”

हे मी तिला बरे वाटावे म्हणून म्हटले होते, खोटे कशाला बोलू. पण झाले भलतेच. ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून रात्री सात-आठ वाजता फोन यायचा. मुलगी ओट्यावर लिहिलेला कागद नाहीतर गोष्टीचे पुस्तक घेऊन बसायची. एकदा मी त्या वेळी तिथेच होते. कोल्ह्याची गोष्ट होती. कागदावर होते ‘कोल्हा विहिरीत पडला’. तिने वाचले, “कोल्हा विहिरीत पाहिला.” मी मनात एक-दोन-तीन म्हणायच्या आत फोनमधून आवाज आला, “म्हंजी? कुणी पाहिला?” मुलगी थांबली. पुन्हा कागदाकडे बघितले. बोटाने ‘ड’ दाबला आणि म्हणाली, “पडला! पडला गं आई.” पलीकडे आई हसली, “आत्ता बरं.”

या आईला अक्षर येत नाही. पण तिने जे केले ते मला वर्गात जमले नव्हते. का जमले तिला? वर्गात पुस्तक माझ्याही समोर असते. मूल चुकीचे वाचते तरी मला कळते, कारण मी मनात बरोबर वाचत असते. आईसमोर पुस्तक नव्हते. तिला जे कळणार ते लेकीच्या तोंडूनच. त्यामुळे वाक्याचा अर्थ लागला नाही की गाडी तिथेच अडते, आणि अर्थ लावायचा तर मुलीला परत अक्षराकडेच जावे लागते. ऐकणाऱ्याला खरोखर ऐकायचे असते, तेव्हा वाचणाऱ्याला नीट वाचावेच लागते. शिवाय आई ओरडत नव्हती. दिवसभराची लेकीची आठवण तिच्या आवाजात होती.

मग मी ओट्यावर माझा कागद पालथा ठेवायला लागले. मुले वाचणार, मी फक्त ऐकणार, आणि कळले नाही तर विचारणार “म्हंजी काय?” मुलांना आधी गंमत वाटली, नंतर तीच एकमेकांना विचारायला लागली.

म्हणून पालकहो, ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय अभ्यास घेणार’ असे म्हणू नका. आणि शिकलेल्या पालकांना सांगते, पुस्तक मुलाच्या हातात द्या, तुम्ही भाजी निवडत बसा. चूक दुरुस्त करायची घाई नको. गोष्ट ऐका.

जे जमले नाही

सगळे गोड झाले असे नाही. दोन मुले आई-बापाबरोबर कारखान्यावर गेली. त्यांना मागे ठेवायला घरी कुणी नव्हते, आणि शाळा बंद असल्याने हंगामी वसतिगृहाचाही आधार नव्हता. त्यांची पाने नोव्हेंबरनंतर कोरी आहेत. एकाशी दोनदा फोनवर बोलणे झाले. दुसऱ्याचा नंबरच लागला नाही. गणितात तर माझा वर्ग सरळ मागे गेला. हातच्याची वजाबाकी ओट्यावर घेतली, पण नोंदी ठेवल्या नाहीत, आणि नोंद नाही तिथे मी पुन्हा अंदाजावरच चालले. फेब्रुवारीअखेर रुग्ण वाढू लागले, ओटे बंद झाले. एप्रिलमध्ये मी स्वतः पॉझिटिव्ह आले. सतरा दिवस एका खोलीत. आमच्या केंद्रातले एक शिक्षक त्याच आठवड्यात गेले. त्यांच्याबद्दल अजून लिहवत नाही.

त्या खोलीत असतानाच निकालाचे काम आले. पहिली ते आठवीची परीक्षा होणार नव्हती, सगळी मुले शिक्षणहक्क कायद्यानुसार वर्गोन्नत. प्रगतिपत्रकावर तसा शिक्का. पण नोंदींचे रकाने होतेच. मी या मुलीच्या ‘सुधारणा आवश्यक’ रकान्यात लिहिले : “जोडाक्षरयुक्त शब्दांच्या वाचनासाठी एकट्याने वाचण्याची संधी व वेळ द्यावा.” सरांचा फोन आला. ते आमचे मुख्याध्यापकही आहेत, आणि माणूस चांगला आहे. म्हणाले, “मॅडम, मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत चाललंय. तिथले म्हणतील चार वर्षं काय केलं यांनी? आधीच्या तीन वर्षांत तर स्पष्ट व शुद्ध लिहिलंय आपण.”

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कागद मुलाबरोबर जातो आणि कागद वाचून मुलाला मागच्या बाकावर बसवणारेही आहेत. मी दोन दिवस विचार केला. मग ती ओळ तशीच ठेवली आणि वहीतली तिची दहा पाने फोटो काढून पाचवीच्या शिक्षकांना पाठवली, म्हणजे नुसते ‘सुधारणा आवश्यक’ न दिसता ती कुठून कुठे आली तेही दिसेल. सरांना सांगितले, “तुमच्या नोंदींचं उत्तर मी देईन, माझ्याही त्यातच आहेत.” ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “बघू ती वही तुमची.” त्या वर्षी त्यांनीही एक दोनशे पानी वही घेतली. माझ्या सांगण्यावरून घेतली असे ते मान्य करत नाहीत.

मे महिन्यात तिचे आई-वडील परत आले. बरी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, अंगणातच बसले. आईला सांगितले, की तिसरीत तुमच्या लेकीला वाचता येत नव्हते आणि मी येते म्हणून लिहिले होते, माझे चुकले. काय बोलेल याची मला भीती होती. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं मॅडम. पण तुमी लिवलंय म्हनल्यावर आपण कसं बोलावं?”

२०२१ मध्ये १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला. आमची शाळा तेव्हाही बंदच होती, पण पाऊस नसेल तेव्हा ओटा पुन्हा सुरू केला. ही मुलगी तेव्हा पाचवीची, म्हणजे माझ्या पटावर नव्हती. तरी यायची आणि तिसरीतल्या दोघांचे वाचन ऐकायची. कागद पालथा ठेवून. तेव्हाची तिच्या पानावरची नोंद, सवयीने मीच लिहिलेली :

“परिच्छेद न थांबता वाचते. ‘स्वच्छ’ वाचताना एकदा थांबली, स्वतःच परत गेली. ‘विद्यार्थ्यांना’ अजून जमत नाही. शब्द फोडून लिहून मागितला.”